लॅबसरांचं अर्ध्या क्षणाचं कुलूप

दुसऱ्याचा वेळ न अडवण्याबद्दल आपल्या देशात कधी एखादं पदक निघालंच, तर ते आमच्या लॅबसरांना मिळेल; पण ते घेताना लॅबसर कुणाला दिसणार नाहीत. अध्यक्ष भाषणासाठी घसा साफ करतील तेवढ्यात पदक घेऊन, नमस्कार करून, पायऱ्या उतरून ते आपल्या खुर्चीत येऊन बसलेले असतील. ही मी थट्टा करते आहे असं कुणाला वाटेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्या नगरच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या ज्या कुणाची लग्नं झाली, त्यांनी आपापले अल्बम काढून पाहावेत. लॅबसर प्रत्येक लग्नाला हजर होते, आणि एकाही फोटोत त्यांचा चेहरा नाही. फोटोग्राफर "सर, इकडं बघा" म्हणेपर्यंत ते खाली उतरून पुढच्या माणसाला "जावा, मोकळं हाय" असं सांगत असायचे. माझ्या अल्बममध्ये त्यांचं फक्त एक कोपर आलं आहे. बाहीवरच्या शाईच्या डागावरून ते त्यांचं आहे हे मी ओळखते.

ते कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचे सहायक होते. पदाचं खरं नाव बरंच लांबलचक होतं आणि त्यात 'तात्पुरता' हा शब्द होता. पोरं त्यांना लॅबसर म्हणत, म्हणून आम्ही प्राध्यापक मंडळीही तेच म्हणू लागलो. मी तिथं गणित शिकवत असे, आणि माझा तास त्यांच्या लॅबच्या शेजारच्या वर्गात असल्यामुळे त्यांचा सहवास मला न मागता मिळाला. मूळचे जामखेड तालुक्यातले, बी.एस्सी. झालेले, कॉम्प्युटर मात्र कुणी न शिकवता स्वतःच्या हिमतीवर शिकलेले. उंच, हाडकुळा माणूस. कॉरिडॉरमधून चालताना भिंतीला इतके चिकटून चालायचे की चुना कायम त्यांच्या उजव्या खांद्याला लागलेला असे. दारात उभं राहून बोलणं त्यांना पाप वाटायचं. बोलायचं असलं तर आत या नाहीतर बाहेर जा, उंबऱ्यावर थांबू नका. बोलताना ते आपली गावाकडची भाषाच बोलत. "पुस्तकातली भाषा शोधत बसलं की समोरच्याचा येळ जातो," असं त्यांचं त्यावर स्पष्टीकरण होतं.

कॉलेजात सकाळी मस्टरवर सही करावी लागे. मस्टर एक आणि सह्या करणारे पन्नास-साठ. आमची पद्धत अशी की आधी मस्टर पुढ्यात ओढायचं, मग पेन शोधायचं, मग "आज तारीख काय हो?" विचारायचं, मग घड्याळ बघायचं, आणि सही झाल्यावर काल कोण रजेवर होतं ते सावकाश वाचायचं. मागं रांग व्हरांड्यापर्यंत. लॅबसरांनी एक दिवस भिंतीवर घड्याळ लावलं, त्याखाली तारखेची पाटी, त्याखाली सुतळीला बांधलेली तीन पेनं, आणि आपल्या ठसठशीत अक्षरात एक सूचना: 'तारीख-वेळ इथे वाचा. पेन उघडा. मगच मस्टरला हात लावा.' तीन दिवसांत रांग नाहीशी झाली. चौथ्या दिवशी कार्यालयाच्या हेडक्लार्कनी स्वतः ती पाटी उतरवली, कारण रांगच नाही म्हटल्यावर सकाळी त्यांच्याशी गप्पा मारायला कुणी उरेना. लॅबसर एवढंच म्हणाले, "त्यांचंबी बरोबर हाय. पर गप्पा मस्टर सोडून मारता येत्यात ना?"

माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर तर त्यांना बघत राहावं. तिकिटाच्या खिडकीशी पोचल्यावर मग पिशवीत हात घालून गावाचा विचार करणारी माणसं पाहिली की त्यांचा जीव वरखाली होई. पण ओरडणं हा स्वभाव नाही. ते रांगेत मागच्या मागंच लोकांना तयार करत. "आजोबा, कुठं जायचं? कर्जत? मग सुट्टं हातात काडून ठिवा. इचार हितं करायचा, खिडकीवर नुस्तं बोलायचं." लोकांना ते एसटीचेच कुणी साहेब वाटत. एकदा एका बाईंनी त्यांच्याकडं बस उशिरा सुटल्याची रागारागानं तक्रार केली. त्यांनी ती शांतपणे कागदावर लिहून घेतली आणि आपला नंबर आल्यावर खिडकीतून आत दिली.

लॅबसरांच्या घरी न्हाणी एक आणि माणसं सहा. त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, सांगायच्या, "लग्नाच्या दुसऱ्या दिशी नवरा बायकोला काय म्हनतो? तर हे म्हन्ले, टॉवेल, साबन, कापडं समदं हातात घेतल्याबिगर कडी लावायची न्हाई, आन् न्हानीत इचार करत बसायचं न्हाई. मी आता मुद्दाम आत गानी म्हनत बसते." यावर लॅबसर मान खाली घालून हसत. घरातलं एकमेव कुलूप जे त्यांना कमी वेळाचं करता आलं नाही ते हेच, असं त्यांनी मला एकदा खासगीत सांगितलं होतं.

आता कुलपाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच आलं. लॅबमध्ये मोठं मशीन एकच होतं आणि त्याला जोडलेली सोळा टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पोरानं प्रोग्रॅम लिहून झाला की 'जमा' असं टाइप करायचं. मग त्याची फाइल परीक्षकांच्या फोल्डरमध्ये जायची आणि त्या फोल्डरच्या यादीत नाव चढायचं. ही 'जमा' आज्ञा लॅबसरांनीच लिहिली होती. यादीत दोघांनी एकदम लिहिलं तर एकाचं नाव दुसऱ्यावर पडेल, म्हणून एक जण लिहीत असताना मशीन यादीला कुलूप लावायचं. एका वात्रट पोरानं त्यांना सुचवलंही होतं, "सर, आपलं मशीन शिंगणापूरला नेऊ, तिथं कुलपाची भानगडच नाही." लॅबसरांनी त्याला गंभीरपणे उत्तर दिलं, "कुलूप चोरासाठी न्हाई रे बाबा. सोळा जनं एका वहीत लिवायला बसल्यावर कुलूप लागतंच. फकस्त धरून बसायचं न्हाई."

आणि गंमत पाहा, एवढं म्हणणाऱ्या माणसाच्या हातूनच ते धरून बसलं गेलं. झालं होतं असं की आदल्या वर्षी सरावाच्या वेळी लाईट गेली आणि चार पोरांचं जमा केलेलं काम नाहीसं झालं. मशीन 'ठेवलं' म्हणतं तेव्हा ते खरं म्हणजे डोक्यातच ठेवलेलं असतं. डिस्कवर ते नंतर सवडीनं उतरवलं जातं. नगरला लाईट काही कुणाची सवड बघून जात नाही. म्हणून लॅबसरांनी 'जमा'मध्ये सोय केली की प्रत्येक फाइल डिस्कवर पुरती उतरेपर्यंत 'जमा झालं' असं म्हणायचंच नाही. काळजीपोटी केलेली गोष्ट. पण ते उतरवणं चाललेलं असताना यादीचं कुलूप लागलेलंच राहायचं. दोघे-चौघे असले तर कुणाला कळायचंही नाही. एप्रिलच्या परीक्षेत शेवटच्या पाच मिनिटांत सोळाच्या सोळा पोरांनी एकदम 'जमा' म्हटलं. डिस्क कुरकुरत एकेकाचं उतरवू लागली आणि बाकीचे पडदे गोठले. घाबरलेली पोरं पुन्हा पुन्हा बटण दाबू लागली, त्यानं रांग आणखी वाढली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी घड्याळ बघून वेळ संपल्याचं जाहीर केलं आणि फोल्डर बंद केलं. पाच जण बाहेर राहिले. त्यांच्यापुढं लिहिलं गेलं, 'काम सादर केले नाही.'

त्या पाचांत कर्जतकडची एक मुलगी होती. सगळ्या विषयांत उत्तम, पुण्यात नोकरी ठरलेली, आणि एवढ्या एका प्रॅक्टिकलपायी डिग्री लटकली. ऑक्टोबरात पुन्हा बसायचं, आणि तेव्हाही अडलं तर नोकरी गेली. तिचे वडील शेतातून तसेच एसटीनं आले. ते भांडायला आले असते तर बरं झालं असतं. ते लॅबच्या दाराशी उभे राहून विचारत होते, "सर, पोरगी म्हनती, म्या समदं केल्तं. लबाड बोलत न्हाई ती. मग केलेलं गेलं कुठं?"

मी तिथंच होते. मशीन बिघडलं, लाईट कमी-जास्त झाली, काहीही सांगता आलं असतं. लॅबसर म्हणाले, "तिनं केल्तं, भाऊ. माज्या कुलपापाशी अडकलं. चूक माजी हाय." त्या गृहस्थांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "बरं. पुढच्या टायमाला अडकू द्याचं न्हाई, एवढं बगा." "न्हाई अडकू देनार, भाऊ. शबूद हाय माजा," लॅबसर म्हणाले, आणि ते गृहस्थ गेले. लॅबसरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

विभागप्रमुखांनी त्यांना सोपा उपाय सांगितला: डिस्कवर उतरवण्याची अट काढून टाका, सगळं भरभर होईल. लॅबसर ऐकेनात. "मंग लाईट गेली की सोळाच्या सोळा जातील. आता पाचच गेलेत." त्यांना दोन्ही हवं होतं, पक्कंही आणि न अडवताही. त्यांनी पहिल्यांदा आपली 'जमा' आज्ञा सुधारली, तेवढ्यानं भागेना. मशीनची मूळ प्रणालीसुद्धा फाइल डिस्कवर उतरवताना फोल्डर तसंच धरून ठेवायची. ही प्रणाली कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरची होती आणि तिचा सगळा कोड वाचायला उघडा होता. लॅबसरांनी त्यातला फाइलींचा भाग छापून काढला. कडेला भोकं असलेल्या त्या लांबलचक कागदाची घडी काखोटीला मारून ते उन्हाळाभर फिरत होते. जेवताना वाचत, बसमध्ये वाचत. एकदा कंडक्टरनं "कसला खटला चाललाय साहेब?" म्हणून सहानुभूतीनं विचारलं.

मे महिन्यात पेपर तपासायला म्हणून मी कॉलेजात जात होते. सुट्टीतलं रिकामं कॉलेज, आणि लॅबमध्ये जमिनीवर तो कागद पसरून त्यावर गुडघे टेकून बसलेले लॅबसर. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? पाच पोरं, ऑक्टोबरात होतील पास." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आमच्या गावाला आड हुता, मॅडम. आमी दीक्षा घेऊन धा वर्सं झाल्ती, पर आडाला ते कुठं ठाव हुतं? माज्या आयेला दोराला हात लावता येत न्हवता. घागर खाली ठिवून बाजूला बसायचं. कुनी वडून वतलं तर पानी. आता दोर धरनारी बाई काय वाईट न्हवती. ती शेजारनीसंगं बोलत ऱ्हायची. तिला वाटायचं, दोनच मिंटं झाली. आय उनात, मी तिच्या पदराखाली. धरनाऱ्याला कदीच कळत न्हाई किती येळ झाला. थांबनाऱ्यालाच कळतं." असं म्हणून त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. मी पेपर तपासायचे म्हणून तिथून निघाले, पण त्या दिवशी माझ्याच्यानं एकही पेपर नीट तपासला गेला नाही. इतकी वर्षं ज्या सवयींना मी हसत आले होते त्या कुठून आल्या ते मला तेव्हा समजलं, आणि हसल्याचं वाईट वाटलं. पुढं मी हसणं थांबवलं असं मात्र नाही, कारण त्यांनाच ते आवडलं नसतं.

त्यांनी शोधलेली युक्ती ऐकायला इतकी साधी होती की मी म्हटलं, हे तर मस्टरचंच झालं. फाइलचं जड सामान आधी, कुलूप न लावता, डिस्कवर उतरवायचं. ते पुरतं उतरलं की मग यादीला कुलूप, एक ओळ लिहायची आणि लगेच सोडायचं. ती यादी डिस्कवर उतरवायची तर एकेकासाठी वेगळी उतरवायची नाही. तेवढ्यात जेवढ्यांची नावं चढली असतील त्या सगळ्यांची मिळून एकाच खेपेत, तीही कुलूप सोडून. खेप पोचली की मगच त्या सगळ्यांना 'जमा झालं' म्हणायचं. "कुलूप अर्ध्या क्षनाचं, काम हवं तेवढ्या येळाचं," ते म्हणाले. सांगायला हे चार ओळींत संपलं. ते मशीनच्या पोटात घालायला त्यांना गणपती उलटून गेले.

मग चाचणी. सोळा टर्मिनलवर एकदम बोट पडायला हवं, आणि सुट्टीच्या दिवशी सोळा माणसं आणायची कुठून? लॅबसरांनी शिपाई, माळी, कँटीनवाले मामा, ग्रंथपाल बाई, मी, माझे यजमान, खुद्द वहिनी अशी फौज जमवली. खेळाच्या सरांना शिट्टी वाजवायला उभं केलं. कँटीनवाल्या मामांनी आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डला हात लावायचा म्हणून हात धुऊन अगरबत्ती लावली. पहिली शिट्टी जुन्या पद्धतीवर. आम्ही बटण दाबलं आणि बसून राहिलो. वहिनींनी तेवढ्यात मेथीची अर्धी जुडी निवडली. दुसरी शिट्टी नव्या पद्धतीवर. मी बटणावरचं बोट उचललं, चष्मा सारखा केला, तोवर सोळाही पडद्यांवर 'जमा झालं'. मामा म्हणाले, "बस? एवढंच व्हय?" लॅबसरांना वाटलं असावं की याहून मोठी शाबासकी नाही. त्यांनी सगळ्यांना स्वतः चहा दिला.

ऑक्टोबरच्या परीक्षेत ती पाच जणं आणि आणखी अकरा पोरं बसली. कर्जतची मुलगी खिडकीजवळ होती. लॅबसर भिंतीला टेकून उभे, हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. शेवटची मिनिटं आली. सोळा पडद्यांवर 'जमा झालं' उमटलं, आणि उमटलं न उमटलं तोच लाईट गेली. बॅटऱ्यांचा डबा होता, पण तो गेली दोन वर्षं फक्त वर फुलदाणी ठेवायच्या कामाचा होता. सगळं काळं. ती मुलगी "अगं आई" म्हणून मटकन खालीच बसली. लॅबसर तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "ऊठ. उतरलंय समदं. मी तुज्या बापाला शबूद दिल्ता." पाऊण तासानं लाईट आली, परीक्षकांनी फोल्डर उघडलं, सोळा फाइली मोजल्या आणि चहा मागवला. झालं. कुणी टाळी वाजवली नाही, कारण काही घडलंच नव्हतं.

तेच त्यांना भोवलं. डिसेंबरात प्राचार्यांनी बैठक घेतली. तात्पुरत्या पदांचा विषय निघाला. "मशीन आता काही त्रास देत नाही," ते म्हणाले. "मग त्याच्याजवळ एक माणूस कशाला बसवून ठेवायचा?" मान हलवणाऱ्यांनी माना हलवल्या. मशीन का त्रास देत नाही हे त्या खोलीत मला नीट माहीत होतं. मी वाक्य जुळवत बसले. चांगलं, मुद्देसूद वाक्य. ते जुळेपर्यंत विषय सायकल स्टँडच्या पत्र्यांवर गेला होता, आणि मी गप्प राहिले. याची मला आजही लाज वाटते.

लॅबसरांनी चार्ज द्यायला एक सकाळ घेतली. निरोपसमारंभ नको म्हणाले; बाकीच्यांचे तास बुडतील. मी वर्गात शिकवत होते, तर मला न बोलावता शिपायाकडं निरोप ठेवला: मॅडमना सांगा, जामखेडला चाललो, तिथं क्लास काढणार आहे. तास संपवून मी ऑफिसात आले तर विद्यापीठाचं पाकीट येऊन पडलं होतं. ऑक्टोबरचा निकाल. मी तो कागद उचलला, कुणाला विचारलं नाही, आणि लुना काढून माळीवाडा गाठला.

जामखेडची गाडी लागलेली होती. लॅबसर पायरीवर पाय ठेवून आत शिरतच होते. मी लांबूनच ओरडले, "लॅबसर, निकाल!" ते वळले. एका हातानं दाराचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातात ती कागदाची घडी. "कर्जतची पोरगी?" मी म्हटलं, "पास." "आन् बाकीची?" "पाचही." मी बैठकीतलं काहीतरी बोलायला लागले, मी बोलायला हवं होतं असं काहीसं; त्यांनी ते ऐकलंच नाही. "पाची," ते म्हणाले, आणि पायरीवर तसेच उभे राहिले. मागं बोचकी घेतलेल्या बाया, पोत्यांसकट दोन म्हातारे, एक नवरदेवासारखा नटलेला पोरगा, सगळी रांग खोळंबली. कंडक्टर आतून ओरडत होता, "ओ साहेब, आत व्हा की, दार अडवून काय ऱ्हायलात!" लॅबसर दांडा धरून रडत होते आणि त्यांना कुणाचंही काही ऐकू येत नव्हतं.

मग कुणीतरी पोत्यानं ढुशी दिली. ते दचकले, "माफ करा हां, लई येळ धरलं," असं रांगेतल्या प्रत्येकाला म्हणत बाजूला झाले, सगळ्यांना आधी चढू दिलं आणि सर्वांत शेवटी आत गेले. गाडी सुटली. मी निकालाचा कागद हातात घेऊन तिथंच उभी राहिले. त्यांनी ते दार आणखी थोडा वेळ धरून ठेवायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं.